मोजणी जास्त भरली

मागच्या खोलीत 'टिंग' असा आवाज झाला आणि पुढच्या खोलीत टेलरकाकांच्या छातीत धस्स झालं.

आवाज तसा काही मोठा नव्हता. चमचा पडला तर याहून मोठा होतो. पण पडलेला चमचा वाकून उचलता येतो. हा आवाज म्हणजे स्कूटरचा एखादा बारका भाग चिमट्यातून निसटला, फरशीवर एकदाच आपटला आणि कुठे गडप झाला ते देवालाच ठाऊक. काकांनी शिलाई मशीन थांबवलं आणि कान टवकारले.

"काही नाही हो!" आतून काकूंचा आवाज आला.

न विचारता 'काही नाही' म्हणजे नक्की काहीतरी.

काकू एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होत्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. काका मात्र, उघडच आहे, 'अगं' म्हणायचे. त्यानंतर शेवटची दोन वर्षं काकूंनी आपणहून हॉस्पिटलच्या स्टोअरला बदली मागून घेतली होती, पाय दुखतात म्हणून. निवृत्त झाल्या आणि चार महिने नुसत्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहिल्या. समोरचा चहा निवून जायचा, साय धरायची. काका मशीन चालवता चालवता तिरक्या नजरेनं बघायचे आणि शिवण वाकडी जायची. एवढी वाकडी शिवण त्यांच्या हातून शिकतानासुद्धा गेली नव्हती.

मग एक दिवस काकूंनी आपली ड्यूटीची स्कूटर बाहेर काढली. ती सुरू होईना. मेकॅनिक म्हणाला, "सिस्टर, भंगारात द्या." झालं! काकूंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "उघडलेली पोटं परत शिवून माणसं चालत घरी गेलेली पाहिलीत मी," त्या म्हणाल्या, "हे तर नुसतं पत्र्याचं धूड." आणि स्कूटर ढकलत मागच्या खोलीत आणली.

तेव्हापासून घरात थिएटर सुरू झालं. काकांनी जुन्या चादरीवर खडूनं एकेका भागाची आकृती आखून दिली, शर्टाचं कापड आखावं तशी. काकू भाग सोडवायच्या, पुसायच्या, त्याच्या आकृतीवर ठेवायच्या. संध्याकाळी सहाला मोजणी. थिएटरात पोट शिवण्याआधी कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे मोजतात, तशीच. बारके भाग एकूण त्र्याऐंशी. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी पाना हातात धरून जाहीर केलं होतं, "एकतीस वर्षांत माझी मोजणी चुकली नाही. ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी हा पाना खाली. मग द्या खुशाल भंगारात."

काकूंच्या बोलण्याला धार असते हे काकांना लग्नापासून माहीत होतं. ही बाई बोलली की करते. आणि पाना खाली म्हणजे पुन्हा खुर्ची, पुन्हा भिंत.

म्हणून काकांनी चोरी सुरू केली. चोरी म्हणजे उलटी चोरी, घरात आणून ठेवायची. 'टिंग' झालं की काकू थोडा वेळ शोधायच्या आणि वैतागून चहा टाकायला जायच्या. तेवढ्यात काका टाचण्या उचलायचा लोहचुंबक घेऊन फरशीवर आडवे. सापडलं तर ठीक. पण फरशीचा उतार नेमका कापडाच्या लोखंडी कपाटाकडे, आणि कपाटाखालची फट बोटाएवढी. तिकडे गेलेलं गेलंच. मग काका दोरा आणायच्या निमित्तानं चपला अडकवून स्पेअरच्या दुकानात. दुकानदार म्हणायचा, "काका, तुमची स्कूटर पेट्रोलवर चालते का या बेअरिंगच्या गोळ्यांवर?" नवा चकचकीत भाग काका जुन्या तेलात बुडवायचे, थोडी काजळी चोळायचे. जुन्या पँटला ठिगळ लावताना रंग जुळवावाच लागतो, तो हात बसलेलाच होता. मग भाग हळूच चादरीच्या घडीत.

"बघा! इथेच होती!" काकू हरखून ओरडायच्या.

"तुझी नजर म्हणजे नजर," काका म्हणायचे आणि मशीनवर बसून स्वतःवर खूश व्हायचे.

असे पाच भाग आतापर्यंत कपाटाखाली गेले होते. आज सहावा. कार्बोरेटरच्या सुईला अडकवायची क्लिप. नखावर ठेवली तर नख मोठं दिसेल, एवढीशी.

चुंबक फिरवून झाला. टाचण्या निघाल्या, क्लिप नाही. काका दुकानाकडे धावले, तर दुकानाला कुलूप आणि वर पाटी, गुरुवारी उघडेल. आज सोमवार! घामाघूम होऊन परत आले तेव्हा सहाला दहा कमी होते. काही सुचेना तेव्हा ते पलंगावर आडवे झाले आणि कण्हू लागले.

"अगं, पोटात दुखतंय. आज राहू दे ती मोजणी."

काकू हात पुसत आल्या. त्यांनी पोट दाबलं. "इथे?"

"हो."

"इथे?"

"हो हो."

"आणि इथे?"

"आई गं! तिथेच जास्त."

"तो तुमच्या खिशातला चुंबक आहे. उठा."

सहा वाजले. काकू चादरीसमोर मांडी घालून बसल्या आणि एकेका भागावर बोट टेकवत मोठ्यानं मोजू लागल्या. काका दारात, श्वास रोखून. ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी. बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ब्याऐंशी.

काकूंनी पाना फडक्यानं पुसला, नीट, सगळ्या बाजूंनी, आणि पेटीत ठेवला.

"राहू दे गं, एक क्लिप काय..."

"थांबा," काकू एकदम म्हणाल्या. "कमी भरली की आधी शोधायचं, मग कबूल करायचं. तसाच नियम आहे. ते कपाट हलवा."

काकांची पाचावर धारण बसली. कपाट हलवलं तर क्लिप सापडेल, आणि क्लिपच्या शेजारी तिची पाच भावंडंही सापडतील.

"जड आहे गं ते."

"रिकामं करू."

"आत गिऱ्हाइकांचं कापड आहे, चुरगळेल."

"इस्त्री कशाला आहे?"

"माझं पोट..."

"अहो!"

कपाट रिकामं झालं. दोघांनी खांदा लावला आणि ते करकरत सरकलं. खाली बोटभर धूळ, काकांची हरवलेली बटणं, खडूचे तुकडे. काकू गुडघ्यांवर बसल्या आणि स्कूटरचा एकेक भाग वेचून वाटीत टाकू लागल्या. क्लिप सापडली. पण वाटी वाजतच राहिली. टण, टण, टण, टण, टण.

काकू वाटी घेऊन चादरीपाशी आल्या. मोजलं. "अठ्ठ्याऐंशी."

काका छताकडे बघू लागले.

"अहो, ही गोळी मला गेल्या आठवड्यात चादरीच्या घडीत सापडली होती."

"हो का?"

"ती तिच्या जागेवर आहे. मग ही कोण? जुळी बहीण?"

पितळ उघडं पडलं. काकांनी सगळं सांगून टाकलं, दुकान, तेल, काजळी, सगळं. काकूंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"लाज नाही वाटत? एकतीस वर्षांत एक बोळा हरवला नाही माझ्या हातून, आणि तुम्ही मला लहान पोरासारखं खेळवलंत? कमी भरली तर शोधता तरी येतं. जास्त भरली तर काय करायचं माणसानं? आपल्या मोजणीवर विश्वास तरी कसा ठेवायचा?"

"नको ठेवूस!" काकाही चिडले. ते वर्षातून एकदा चिडायचे, ती वेळ आज आली. "पण तू पाना खाली ठेवला असतास. मग परत त्या खुर्चीत. तुझा चहा निवलेला मला नाही बघवत. चार महिने बघितलाय, बस झालं!"

काकूंनी वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "भाग का उडतात, ते माहीत होतं?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. त्यांना जवळचं कधीच नीट दिसायचं नाही. लग्नापासून रोज सकाळी काकू त्यांच्या बारा सुयांमध्ये दोरा ओवून द्यायच्या. तीन वर्षांपूर्वी एक दिवस त्यांनी दोरा ओवायची तार आणून दिली आणि 'मला ड्यूटीला उशीर होतो' म्हणाल्या.

"तार आणलीस तेव्हाच कळलं," काका म्हणाले.

काकूंनी आपले हात पुढे धरले. आज पहिल्यांदाच लपवले नाहीत. बोटं बारीक थरथरत होती. "स्टोअरला गेले तेव्हा पाय नव्हते दुखत माझे," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांतून पाणी ओघळलं ते तसंच ओघळू दिलं. काकांना जवळ जाऊन काहीतरी छान बोलायचं होतं. पण जे तोंडातून आलं ते असं: "मग आता पाना?"

काकूंनी नाक पुसलं आणि चादरीकडे बघत विचार केला. मग एकदम ताठ बसल्या.

"थिएटरात मोजणी एकटीनं करतच नाहीत," त्या म्हणाल्या. "एक मोजते, दुसरी समोर उभी राहून बघते. दोघींचा आकडा जुळला तरच ती मोजणी. मी इथे एकटीच मोजत होते. मोजणी चुकली म्हणायला आधी मोजणी तर व्हायला हवी!"

"म्हणजे पाना..."

"म्हणजे हात धुऊन या. साबणानं. कोपरापर्यंत."

काका धावतच गेले. परत आल्यावर काकूंनी त्यांच्या हातात चिमटा दिला, चिमट्यात क्लिप. "मला दिसत नाही गं एवढं," काका म्हणाले.

"मला दिसतंय. तुमचा हात स्थिर आहे ना? मग झालं. आंधळ्या-पांगळ्याची जोडी. थोडं डावीकडे. डावीकडे म्हटलं, ते उजवीकडे! आता खाली. अजून. दाबा."

टक्. क्लिप सुईच्या खाचेत बसली. काकूंनी सुई उजेडात धरून बघितली. सुई थरथरली, क्लिप जागची हलली नाही.

मग दोघं चादरीच्या दोन बाजूंना बसले. "एक," काकू म्हणाल्या. "एक," काका म्हणाले. बाहेर अंधारलं, गिऱ्हाईक दारावरून हाक मारून गेलं, कोणी उठलं नाही. चादरीवरचे सगळे मोजून झाले.

"त्र्याऐंशी."

"त्र्याऐंशी."

काकूंनी पेटी उघडून पाना परत बाहेर काढला. काकांनी वाटीत उरलेले पाच भाग खुळखुळवले.

"आणि हे जास्तीचे? परत करून येऊ दुकानात?"

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "लागतील."