‘कोणी नाही’समोरचा गोल

मित्रांनो, मी एक जुना गोल आहे. संगणकाच्या पडद्यावर राहतो. प्रोग्रामर लोक मला रेडिओ बटण म्हणतात. डोळ्यांच्या एका दवाखान्यात, नावनोंदणीच्या काउंटरवर माझी नोकरी आहे. ‘रुग्णासोबत कोण आहे?’ या प्रश्नाखाली आम्ही तिघे भाऊ उभे असतो. थोरल्यापुढे लिहिले आहे ‘नातेवाईक’, मधल्यापुढे ‘शेजारी किंवा मित्र’, आणि धाकट्यापुढे, म्हणजे माझ्यापुढे, ‘कोणी नाही’. माझ्या वाट्याला शब्दही असे आले, काय करणार!

मला एका प्रोग्रामर ताईने घडवले. गडबडीत ती आम्हाला एका गटात बांधायला विसरली. त्यामुळे पहिल्या दिवशी तिने एकेकावर क्लिक करून पाहिले, तेव्हा तिघांच्याही पोटात ठिपका उमटला आणि तसाच राहिला. आम्हाला कोण आनंद झाला! ताईने मात्र कपाळावर हात मारला आणि चूक सुधारली. तेव्हापासून एकाच्या पोटात ठिपका पडला, की बाकीचे दोघे उपाशी.

बहुतेक रुग्ण घरच्यांना घेऊन येतात, म्हणून ताईने थोरल्याला आधीच ठिपका देऊन ठेवला. काउंटरवरच्या बाईंचे तेवढेच एक क्लिक वाचले. डॉक्टरांनी प्रोग्रामचे तोंड भरून कौतुक केले. माझ्याकडे माउसचा बाण सहसा फिरकत नसे. तो जवळ आला की मला आशा वाटे, पण तो खालच्या ‘पुढे’ या बटणाकडे निघालेला असे. मी फार एकटा होतो. खरे तर माझे काम मोलाचे होते. मला निवडले, की वॉर्डातल्या मावशींना निरोप जाई. मग ऑपरेशननंतर त्या रुग्णाजवळ बसत आणि त्याला घरी पोचवून येत.

एकदा रांग दारापर्यंत गेली होती. एक आजोबा काउंटरशी आले. बाईंनी नाव विचारले, वय विचारले, आणि थोरल्याचा ठिपका तसाच ठेवून, मान वर न करताच ‘पुढे’ दाबले. आजोबांच्या बरोबर कोणीच नव्हते. पण मी कसा ओरडणार?

दुपारी ऑपरेशन झाले. संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला, तरी आजोबा डोळ्याला पट्टी बांधून काउंटरसमोरच्या बाकावर बसलेलेच. घरी निघालेल्या मावशींनी त्यांना विचारले, “आजोबा, तुमच्यासोबतचं माणूस कुठं गेलंय?”

“सोबत कोणी नाही हो,” आजोबा म्हणाले. “कोणी विचारलं नाही, म्हणून मीही बोललो नाही.”

काउंटरवरच्या बाईंनी ते ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आजोबांची नोंद उघडली आणि मला क्लिक केले. ज्याची मी रोज वाट पाहायचो तो ठिपका आला, पण मला मुळीच आनंद झाला नाही. मावशी आजोबांचा हात धरून त्यांना घरी सोडायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हे सांगितल्यावर ताईने थोरल्याचा ठिपका काढून घेतला. आता सुरुवातीला आम्ही तिघेही रिकामे असतो. एकाला निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, त्यामुळे बाईंना विचारावेच लागते.

ज्यांच्यासोबत कोणी नसते ते लगेच उत्तर देत नाहीत. आधी एकदा मागे वळून दाराकडे बघतात, मग हळूच सांगतात. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी काउंटरवर बसेल, कोणी प्रोग्राम लिहील. तेव्हा दुसऱ्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवू नका. त्याला विचारा, आणि तो सांगेपर्यंत त्याच्याकडे बघत राहा. मी तोवर रिकामा थांबेन. मला सवय आहे.