चोवीस जागा, बावीस पत्रे

मी एक जुना सिमेंटचा पत्रा आहे. सिहोऱ्याच्या टेकचंदभाऊंच्या छपरावर सहा-सहाच्या चार ओळी, म्हणजे चोवीस पत्र्यांची जागा होती. तिथे आम्ही सिमेंटचे पत्रे बावीस होतो आणि टिनाचे दोन. आम्हाला धरून ठेवणारे हूक शहाण्णव, त्यांतले पाच गंजून गळालेले. माझ्या अंगावर केसासारख्या भेगा तीन आणि डावा कोपरा तुटलेला, साधारण टेकचंदभाऊंच्या नातीच्या, गुड्डीच्या तळहाताएवढा.

मित्रांनो, हा हिशोब आधीच सांगून ठेवतो, कारण माझी सगळी गोष्ट त्या दोन टिनांपाशी येऊन थांबते.

माझा जन्म कारखान्यात झाला. सिमेंट आणि पाणी यांच्यात एक पांढुरका, कापसासारखा दिसणारा पदार्थ मिसळला गेला. तो कापूस नव्हता. दूर कुठेतरी डोंगर खणून काढलेल्या दगडाचे ते तंतू होते, केसापेक्षा शेकडो पट बारीक. न जळणारे, न कुजणारे. त्यांच्यामुळेच मी पातळ असूनही मजबूत झालो. ओला असताना मला लाटांच्या साच्यावर निजवले आणि वाळल्यावर मालगाडीने तुमसर रोडच्या स्टेशनवर धाडले. तिथून सिहोऱ्यापर्यंतचा प्रवास बैलगाडीने, खाली तणसाची, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाची गादी घालून.

याला आता चाळीस वर्षे होतील. टेकचंदभाऊंचे नुकतेच लग्न झाले होते. घरावर तेव्हा कवेलू, म्हणजे मातीची कौले होती आणि गावात माकडांच्या टोळ्या. माकडे उड्या मारत, कवेलू फुटत आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा सगळे कवेलू फेरावे लागत. आम्ही चोवीस भाऊ चढलो आणि तो जाच संपला. पहिल्याच पावसात नवी नवरी पुष्पाबाई चुलीपाशी बसून वर पाहत राहिली, आणि एकही थेंब पडला नाही. "लय बेस झालं, बाप्पा," असे ती आमच्याकडे बघून म्हणाली. माझे पहिले कौतुक ते. अजून आठवते.

पुढे वर्षानुवर्षे माझ्या पाठीवर कोहळ्याचा वेल चढला, शेवाळ धरले, मांजरी व्याल्या. खाली दोन लेकरे वाढली. मोठ्या मुलाची मुलगी गुड्डी आता सहा वर्षांची आहे. धाकटी दामिनी शिकून नागपूरला गेली आणि हवेची, पाण्याची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली.

दामिनी बारावीत होती तेव्हा मोठी गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा. त्या दुपारी शेवटच्या ओळीतले माझे दोन भाऊ फुटले आणि त्यांच्या जागी टिना आल्या. भावांचे तुकडे बरेच दिवस न्हाणीपाशी पडून होते. मग कापणीच्या आधी अंगणातले खळे तयार करायची वेळ आली.

आमच्याकडे खळ्याचा मोठा मान. धानाच्या पेंढ्या शेताच्या बांधीतून आणून त्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे रचायचे, ते खळ्यावर पसरून त्यांवर ट्रॅक्टर फिरवायचा आणि दाणे मोकळे करायचे. याला चुरणे म्हणतात. खळे भुसभुशीत असेल तर दाण्यात माती जाते. त्या वर्षी पुष्पाबाईंना युक्ती सुचली. त्यांनी माझ्या भावांचे तुकडे मुरमात मिसळले, टेकचंदभाऊंनी ते धुम्मसाने ठोकले आणि वरून शेणाचा सडा घातला. खळे असे टणक झाले, की शेजारचे लोक पाहायला आले. "टेकचंदचं खळं म्हणजे सिमेंटचा रोड," असे गावात बोलू लागले. छपरावरून मीही ते ऐकत होतो आणि भावांचा मला अभिमान वाटत होता.

त्यानंतर दरवर्षी ट्रॅक्टर त्यांच्यावरून फिरला. रोज सकाळी पुष्पाबाईंनी ते खळे झाडले. गुड्डी चालायला लागल्यावर तिथेच खेळली. वर आलेला एखादा तुकडा खडूसारखा उमटे, त्याने ती चौकटी आखून लंगडी घालत असे.

यंदा दसऱ्याच्या सुमारास घराच्या कामाचे ठरले. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा. नाटक असते, पाहुण्यांनी घर भरते, लग्नाच्या गोष्टी तिथेच निघतात. त्याआधी छपराच्या जागी स्लॅब टाकायचा, असे टेकचंदभाऊंनी मनावर घेतले होते. काम खुशाल मिस्त्रींकडे दिले. खुशाल मिस्त्री घण घेऊन आले आणि त्यांनी खालूनच अंदाज घेतला.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे, भाऊ. वरून हाणत येतो. पत्र्याचं का कराचं?"

"खळ्यात टाकाचं," टेकचंदभाऊ म्हणाले. "बावीस पत्र्यांचा चुरा. खळं अजून दहा वर्षं हालत नाही, पाहजो."

मला बरेच वाटले. म्हातारपणी भावांच्या शेजारी जागा मिळणार होती. तेवढ्यात दामिनी सुटीवर आली. हातातली बॅग खाली ठेवायच्या आधी तिने घण पाहिला.

"बाबा, घण बाजूले ठेवाले सांगा. आधी मले घर तपासू द्या."

"घराले का झालं? ताप आहे का त्याले?"

"या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असू शकते. फोडला का त्याची धूळ उडते, ते छातीत जाऊन बसते आन् मग निघत नाही. वीस-तीस वर्षांनी आजार दिसते."

"चाळीस वर्षं याच्याखाली झोपलो मी. मले का झालं?"

"पत्रा फुटला नाही म्हणून नाही झालं. साबूत आहे तवरी तो बिचारा काही करत नाही."

तिने मला बिचारा म्हटले, याचे त्या क्षणी मला काही वाटले नाही. माझ्या अंगातले तंतू मला जन्मापासून ठाऊक होते. त्यांचा हा अर्थ मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ज्यांच्या डोक्यावर मी चाळीस वर्षे सावली धरली, त्यांच्या छातीत शिरायची ताकद माझ्यात आहे, हे कळल्यावर कुठल्या पत्र्याला बरे वाटेल? आणि लगेच मला खळ्याची आठवण झाली.

दामिनीने तोंडाला मास्क बांधला आणि घर खोलीखोलीने पाहिले. चुलीमागे बसवलेली पांढरी पाटी पाहिली, धुराड्याचा पाइप पाहिला, छताच्या कडा पाहिल्या. मग शिडी लावून माझ्यापर्यंत आली. माझ्या तुटक्या कोपऱ्यावर आधी पाणी मारले, नखाएवढा तुकडा हळूच काढला, दोन पिशव्यांत बंद केला आणि उघड्या कडेला रंगाचा हात दिला. खाली उभे असलेले खुशाल मिस्त्री मान वर करून म्हणाले,

"बाई, आता त्याले सलाईन लावता का?"

"लावतो ना, काका. काढाच्या दिवशी लावतो. तुम्ही बाटली धरून उभे राहाल."

सगळे हसले. मी मात्र खळ्याकडे बघत होतो. गुड्डी तिथे लंगडी घालत होती. दामिनी छप्पर तपासत होती, भिंती तपासत होती, पण अंगण तपासत नव्हती. मित्रांनो, पत्र्याला तोंड नसते. वारा आला तर मी थोडा वाजू शकतो, आणि त्या दिवशी वाराही नव्हता.

पाचव्या दिवशी निकाल आला. माझ्यात अकरा टक्के अॅस्बेस्टॉस होते. चुलीमागच्या पाटीत आणि पाइपात काही नव्हते. टेकचंदभाऊ घुश्शातच होते.

"आता हे सगळं पद्धतशीर काढाचं म्हणते. मंडईले पाहुणे येतीन, आन् घरावर छप्पर नाही. का सांगू त्याहिले?"

"सांगा, पोरीनं उचलून नेलं म्हणा," पुष्पाबाई म्हणाल्या.

"तू तिचीच बाजू घेजो!"

पत्रे गुंडाळायला जाड प्लास्टिक किती लागेल, ते काढण्यासाठी दामिनी ओट्यावर उभी राहून मोजू लागली. सहा, बारा, अठरा. शेवटच्या ओळीत ती चारवर थांबली. पुन्हा मोजले.

"आई, त्या दोन टिना कवा लागल्या?"

"गारीच्या साली. तू बारावीत होती तवा."

"मंग तेथले जुने पत्रे कुठी गेले?"

पुष्पाबाईंच्या हातात खराटा होता. तो त्यांनी भिंतीला टेकवला आणि खळ्याकडे पाहिले.

"माह्याच हातानं टाकले वं, दामिनी," त्या म्हणाल्या. "मुरमासोबत ठोकले. आन् रोज झाडतो तेथं. पोरगीही तेथंच खेळते."

दामिनी खळ्यात गेली, गुड्डीला कडेवर घेतले, तिच्या मुठीतला तुकडा काढून ओल्या फडक्यात गुंडाळला. "खेळून राहिली ना मी!" म्हणून गुड्डीने भोकाड पसरले. टेकचंदभाऊ खळ्याच्या काठावर उभे होते. ज्या खळ्याचे गावाने कौतुक केले, ज्याच्यात ते आणखी बावीस पत्रे कुटणार होते, त्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी नळाची नळी ओढत आणली आणि खळ्यावर पाणी सोडले.

"खुशाल, घण घरी घेऊन जा."

"आन् मंडई, भाऊ?"

"मंडई दरसाल येते."

पुष्पाबाईंचे डोळे भरून आले होते. "मले का मालूम होतं," असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. दामिनीने त्यांचा हात धरला. "तुले कोणी सांगितलंच नाही, आई. दुकानदारानं नाही, कोणीच नाही. तुह्या हातून चूक नाही झाली." दुसऱ्या दिवशी ती त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेली आणि छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आज काही दिसत नाही, पण दरवर्षी दाखवत जा.

आम्हाला उतरवायला दामिनीने नागपूरहून या कामाची माहिती असलेली तीन माणसे आणली. त्यांच्या अंगावर बंद कपडे, तोंडाला मास्क. घरच्यांना शेजारी पाठवले. साबणाचे पाणी आमच्या अंगावर इतके फवारले, की शेवाळसुद्धा हिरवेगार दिसू लागले. हूक ओढले नाहीत, कापले. मग एकेकाला दोराने खाली घेतले. चाळीस वर्षांपूर्वी तणसाच्या गादीवरून आणताना लोक जसे जपत होते, तसेच. एकही भाऊ फुटला नाही. लांबून पाहणारे खुशाल मिस्त्री एवढेच म्हणाले, "माह्या पोराले इतकं जपून नाही आणलं कोणी दवाखान्यातून."

खळ्याची माती ओली ठेवून अर्धा फूट खणली. माझ्या भावांचे जेवढे तुकडे सापडले ते हाताने वेचले आणि मातीसकट पिशव्यांत बंद केले. मग टेकचंदभाऊंनी नवा मुरूम आणि तलावाची माती आणून नवे खळे घातले. ते अजून कच्चे आहे. यंदाचा धान त्यांनी भावकीच्या खळ्यावर चुरला. मंडईला पाहुणे ताडपत्रीच्या मांडवाखाली जेवले, आणि छप्पर कुठे गेले, असे ज्याने ज्याने विचारले त्याला पुष्पाबाईंनी स्वतः सगळी हकीकत सांगितली, खळ्यासकट. ती ऐकून बपेऱ्याचे एक पाहुणे जेवणावरून उठले आणि घरी फोन लावून म्हणाले, "गोठ्याचे पत्रे फोडू नोका. मी येईपर्यंत हात नोका लावू."

आता मी प्लास्टिकच्या दोन थरांत, भावांच्या शेजारी निजलो आहे. आम्ही बावीस आणि पिशव्यांमधले ते दोघे. चोवीस पुन्हा एका जागी आलो. उद्या ट्रक येईल आणि अशा कचऱ्यासाठी केलेल्या बंद खड्ड्यात आम्हाला नेऊन ठेवील. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, मांजरीही नाहीत. कोहळ्याच्या वेलाची मात्र आठवण येईल. तरी मनात कुणाविषयी राग नाही. ज्या घराने मला वर चढवून मान दिला, त्याच घराने मला न फोडता खाली उतरवले. माझ्या हातून आणखी कुणाचे वाईट होऊ दिले नाही. एका पत्र्यावर याहून मोठे उपकार ते कोणते? पुष्पाबाईंचे पहिले कौतुक आणि दामिनीचे ते मोजणे, ही दोन्ही मी सोबत नेतो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरावर किंवा गोठ्यावर माझ्यासारखा जुना पत्रा असेल, तर त्याला घाबरू नका आणि त्याला हिणवूही नका. त्याला कापू नका, घासू नका, फोडू नका. घर पाडायच्या आधी जाणकाराला बोलवून तपासून घ्या. छपरावरचे मोजा आणि जे छपरावर नाहीत, ते कुठे गेले हे घरातल्या मोठ्यांना विचारा. आमचे भाऊ कधी न्हाणीपाशी असतात, कधी वाटेच्या चिखलात, कधी खळ्यात.

जायच्या आधी एक गोष्ट ऐकायला मिळाली. खळे घालून झाल्यावर दामिनीने तिथे एक छोटा पंप लावून हवा ओढली होती आणि आतली जाळी तपासायला नेली होती. लुडोच्या फाशाएवढ्या हवेत, म्हणजे एका घन सेंटीमीटरमध्ये, तंतू सरासरी ०.०१ पेक्षा, म्हणजे शंभर फाशांत एकापेक्षा, कमी निघाले तर जागा साफ समजायची, असे तिने आईला समजावले होते. आज सकाळी तिचा फोन आला. पुष्पाबाईंनी तो ओट्यावर ठेवून मोठ्याने लावला. टेकचंदभाऊ मुरमावर पाणी मारत होते, ते नळी बंद करून जवळ आले.

"आई, लिहून घे," दामिनी म्हणाली. "चार जागची हवा घेतली होती. चारही ठिकाणी, एका घन सेंटीमीटरमध्ये ०.०१ पेक्षा कमी."