बाबली तांडेलाच्या अमावास्या

शनिवारी जग बुडणार होतं, म्हणून गुरुवारी सकाळी हरिश्चंद्राच्या दारात टेम्पो लागला.

त्याआधी बुधवारी त्याची आई राधाबाई काठी टेकत माझ्या शेडवर आली होती. मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. माझे हात तेलात होते. ती म्हणाली, "लवू, माका आंबोलीक न्हेता हा रे. दर्या गाव गिळतलो म्हणता. तेका अडव. थंय मी चार दिस जगाचंय नाय."

ब्याऐंशी वर्षांची बाई. जन्मापासून समुद्राच्या आवाजात झोपलेली. तिला घाटावरच्या भाड्याच्या खोलीत नेऊन टाकायचं, धुक्यात, अनोळखी भिंतींत. हे म्हणे तिला वाचवणं. माझं डोकं सणकलं.

हरिश्चंद्र माझा बालमित्र. मुंबईत सरकारी खात्यात लिपिक होता. वीस वर्षं झाल्यावर कंटाळला, स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आला. माणूस वाईट नाही. पण रिकामा माणूस आणि हातात मोबाईल! कुठल्याशा जुन्या संस्कृतीचं दगडी कॅलेंडर, सूर्यामागे लपलेला ग्रह, पृथ्वीचे ध्रुव उलटणार, परशुरामाने बाण मारून हटवलेला समुद्र आपली जागा परत घेणार... असले व्हिडिओ तो पहाटे उठून बघायचा आणि न्याहारीच्या आत मला पाठवायचा. मी ते न बघता पुसत आलो. तिथे माझं चुकलं. बघून शिव्या घातल्या असत्या तर गोष्ट टेम्पोपर्यंत गेली नसती.

तरी व्हिडिओंपेक्षा त्याची खरी भिस्त होती एका फळीवर.

फळी त्याच्या वडिलांची. बाबली तांडेल. आमच्या वाडीच्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, म्होरक्या. अक्षरशत्रू, पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ अशी सांगायचा की घड्याळवाल्यांनी घड्याळं लावून घ्यावीत. त्याने हात वर केला की होडी सुटायची, हात खाली आला की साठ माणसं दोर ओढायला लागायची. आम्ही पोरं दोराच्या शेपटाला लटकायचो. ओढण्यापेक्षा ओरडायचोच जास्त. जाळं वाळूवर आलं की पहिली मूठभर तारली मासळी आम्हा पोरांची. ती रापण आता नाही. दिवे लावून रात्रभर समुद्र खरवडणाऱ्या मोठ्या बोटींनी ती खाल्ली. आमचं जग तेव्हाच बुडालं. त्याची तिथी कुठल्या कॅलेंडरवाल्याने सांगितली होती?

वादळात रापणीची खोप पडली, तेव्हा ही फळी वाशांखाली सापडली. सागवानी, पुरुषभर उंच. वरपासून खालपर्यंत कोयतीने पाडलेल्या खाचा, रांगांमागून रांगा. वरच्या बऱ्याच खाचांत डांबराचा ठिपका, खालच्या कोऱ्या. प्रत्येक अमावास्या सरली की बाबलीकाका एक ठिपका लावायचे, हे मी तरुणपणी येता-जाता बघितलं होतं. विचारलं तर म्हणायचे, "तुका काय करूचा आसा?" शेवटचा ठिपका त्यांनी दोन हजार चारच्या लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला लावला आणि कार्तिकात गेले.

हरिश्चंद्राने तिथून पुढे कोऱ्या खाचा मोजल्या. दोनशे सहासष्ट. पंचांगं लावून बघितलं. शेवटची खाच येत होती यंदाच्या वैशाख अमावास्येला. शनिवार! लगेच पुढे अधिक महिना! झालं. मोबाईलमधल्या ग्रहाला घरातला साक्षीदार मिळाला.

गुरुवारी मी गेलो तेव्हा टेम्पोत कपाट चढलं होतं. राधाबाई ओटीवर खांबाला धरून बसली होती. फळी भिंतीला उभी होती, तीसुद्धा जायची होती.

"हरी, कपाट उतर," मी म्हटलं.

"शनिवारी बोलू. जिवंत रवलंस तर."

"तुझ्या आवशीक इचारलंस?"

"तिका काय कळता?"

"माका कळना नाय?" राधाबाई कडाडली. "अष्टग्रहीक जग बुडतला म्हणान माझ्या बापाशीन माझा लगीन घायेत लावल्यान. माका वर पसंत नव्हतो, तरी तोच केल्यान. जग बुडाक नाय, मी मात्र ह्या घरात पडलंय. मगे ता स्कायलॅब. आठवता काय रे?"

आठवत होतं. मी आणि हरी अकरा वर्षांचे. आकाशातून लोखंड पडणार म्हणून वाडीतल्या साऱ्या कोंबड्या तीन दिवसांत संपल्या. मरायचंच आहे तर वडे-सागोती खाऊन मरू! हरीच्या पोटात इतकं दुखलं की तो खरोखर मरणार असं वाटलं. बाबलीकाका मात्र खोपीत जाळं विणत बसलेले. म्हणाले, "आभाळ पडला तरी मासो पाण्यातच आसतलो. जाळा लागतलाच." नंतर दोन महिने गावात अंडं दिसलं नाही.

हरीच्या ओठाला हसू आलं होतं. त्याने ते गिळलं. "ता सगळा पेपरवाल्यांचा होता. ह्या बाबान लिवलेला आसा. बाबा कधी चुकलो? सांग. एक भरती चुकली?"

बाबलीकाका चुकलेले मी पाहिले नव्हते. म्हणून मी ठरवलं, हरी चुकलाय हे दाखवायचं. टेम्पोवाल्याला चहा दिला आणि खडू घेऊन फळीसमोर बसलो. कोऱ्या खाचा दोनदा मोजल्या. दोनशे सहासष्टच. कारकुनी हिशेब पक्का होता, च्यायला!

मग मी ठिपक्यांच्या मोजल्या. ह्या त्याने मोजल्याच नव्हत्या. ज्याला शेवटाचीच घाई असते तो सुरुवात कशाला बघेल? एकशे एकोणऐंशी. लक्ष्मीपूजनापासून मागे मोजत गेलो. साडेचौदा वर्षं. पहिली खाच यायची एकोणीसशे नव्वदच्या जूनमध्ये.

"नव्वदच्या जूनात काय झाला होता?" मी विचारलं.

"काय जावचा आसा? पावस," हरी म्हणाला.

राधाबाई काठीवर जोर देऊन उठली. "नव्वदाक तू मुंबैक गेलंस. नोकरेक."

मी खडू खाली ठेवला.

"तुझी ऑर्डर इलली. गुर्जींनी वाचून दाखयली. अठ्ठावन्नाव्या वर्साक सुट्टी, मगे घराक, असा तेंनी सांगल्यानी. ह्यांनी इचारल्यानी, म्हणजे कितक्यो अमावास्यो? गुर्जींनी पाटयेर गणित केल्यानी. छत्तीस वर्सां, बाराचो गुणाकार, चारशे बत्तीस. ह्ये म्हणाले, गुर्जी, धोंड्याचे म्हयने खंय गेले? तेरा म्हयने तुमी गिळलात!" तिला हसू आवरेना. "बिचारो मास्तर. पाटी पुसून परत मांडल्यान. चारशे पंचेचाळीस. रापण बंद, भायर पावस. त्या पावसात बसान तुझ्या बापाशीन खाचो पाडल्यानी. आपलो झील कितकी वर्सां भायर रवतलो, ता नजरेक दिसाक व्हया म्हणाले."

यंदाच्या मे अखेरीला हरी नोकरीत असता तर निवृत्त झाला असता. त्याआधीची शेवटची अमावास्या हीच. त्याने तारखांचा विचार केला, ग्रहांचा केला. स्वतःच्या निवृत्तीचा करायचं कारणच उरलं नव्हतं. ती केव्हाच घेऊन बसला होता.

मग हरी म्हणाला, "आये, माका कोणी सांगलां कसा नाय?"

"काय सांगतलंय? तुझो शनिवार ह्या फळयेरचो ता माका आज कळला. आणि तू आधीच इलंस. पण ते गेल्यार सात वर्सांनी इलंस."

त्याचा चेहरा बघवत नव्हता. मित्र म्हणून मी काही बोलायला हवं होतं. लागू दे, म्हटलं. त्या ठिपक्यांच्या साडेचौदा वर्षांत हा किती वेळा आला होता? गणपतीत पाच दिवस, तेही मोजून. बाकी महिन्यांत म्हातारा डांबर घेऊन फळीपुढे. आणि मी तरी काय, शंभर पावलांवर राहून कधी त्यांच्याजवळ बसलो? रापण मोडल्यावर त्या माणसाशी बोलायला आम्हा कोणालाच वेळ नव्हता.

टेम्पोवाला दारातून डोकावला. "सायेब, कपाट आंबोलीक व्हराचा की नाय? माका परतीचा भाडा गावाक व्हया."

हरीने नुसता हात खाली केला. आम्ही तिघांनी कपाट उतरवलं.

ग्रह येणार नाही असं मात्र तो शेवटपर्यंत म्हणाला नाही. शनिवारी उजाडताच किनाऱ्यावर जाऊन बसला. मीही गेलो, शेड बंद ठेवून. दुपारच्या सुमाराला उधाणाची भरती लागली. पाणी वर आलं, सुक्या शेवाळाच्या रेघेशी थांबलं, थोडा वेळ दम खाल्ला आणि मागे फिरलं. हरी ते बघत होता. कशाची वाट बघत होता, कोण जाणे.

हरीच्या घरी परतलो तर राधाबाई उंबऱ्यात उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात तसा.

"थंयच उबो रव," ती म्हणाली.

"आये, मी दर्यार गेल्लंय. शंभर पावलां."

"मुंबैसून इलंस तू. ह्यांनी सांगान ठेवल्यानी हा, शेवटची खाच येतली त्या दिसाक तुकडो ओवाळल्याबिगर आत घेव नको." तिचा हात त्याच्या खांद्याच्या वर पोचेना. "वाक मेल्या. की जग बुडाची वाट बघतंस?"

तो वाकला.