आजोबांचा डावा मोजा

"आकाश हे वीरांचं माहेर आहे!" मोठे साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाले.

साहेबांना बल्ब बदलायला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं. पण माहेरी गेलेली माणसं लवकर परतत नाहीत, एवढं त्यांचं अगदी बरोबर होतं. मागच्या बाकावर आजोबा डोळे मिटून ऐकत होते.

आजोबा तेवीस वर्षांचे वैमानिक. हवाई तळावर इतकं जगलेला दुसरा कुणी नव्हता, म्हणून ही पदवी.

तळावर एक रीत होती. उड्डाणाआधी कुणाची तरी वस्तू उसनी न्यायची. उसनं परत करायला माणसाला यावंच लागतं, असा हिशेब. फक्त शत्रूच्या तोफांना तो कुणी समजावला नव्हता. आजोबांचा कंगवा, मफलर आणि नेलकटर वेगवेगळ्या विमानांबरोबर समुद्रात गेले होते. आता आजोबा केस बोटांनी विंचरत, आणि नव्या पोरांची नावं विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं. शेजारच्या खाटेवर कालच आलेल्याला ते नुसतं बाळ्या म्हणत.

"काय नेतोस माझं?"

"काही नको. आईनं बजावलंय, कुणापुढं हात पसरायचा नाही."

"तुझी आई विमान चालवते?"

"नाही."

"मग गपगुमान घे!"

पण द्यायला उरलं होतं काय? आजोबांनी बूट काढला, डावा लोकरी मोजा उतरवला आणि बाळ्याच्या खिशात कोंबला.

"वास येतोय हो."

"येऊ दे. विसरणार नाहीस. धुऊन परत कर."

वर गेल्यावर थंडीनं आजोबांच्या डाव्या पायाचं लाकूड झालं. खालून तोफा सुटल्या, बाळ्याच्या विमानातून धूर निघाला, आणि मध्ये ढग आले.

बाकीचे सगळे उतरले. आजोबा धावपट्टीच्या कडेला बसून राहिले. मेकॅनिकनं चहा आणून दिला.

"आत चला की. त्याचं पेट्रोल आता संपलं असणार."

"पाय बधिर झालाय. चालवत नाही."

पाय केव्हाच बरा झाला होता. खोलीत जाऊन ती रिकामी खाट बघण्याचं त्राण मात्र नव्हतं.

चहा निवला. मग लांबून खोकत खोकत एक विमान आलं, चाकं खाली न सोडताच पोटावर आपटलं आणि ठिणग्या उडवत घसरत गेलं. त्यातून बाळ्या उतरला. भुवया जळल्या होत्या. त्यानं एक काळा, तेलकट बोळा पुढं केला.

"पायाशी तेलाची नळी फुटली, तिला मोजा गुंडाळला. आता धुऊनही निघायचा नाही."

आजोबांनी तो बोळा घेऊन खिशात घातला.

"नाव काय रे तुझं?"

तेवढ्यात भोंग्यावरून साहेबांचा आवाज आला: उद्या पहाटे सगळ्यांनी पुन्हा वर.

 बाळ्या आजोबांच्या उजव्या बुटातून डोकावणाऱ्या मोज्याकडे बघत होता.

"आजोबा, उद्या हा द्याल?"