मेरिग पाद्रींच्या गाडीची खडखड

"गिअरबॉक्स गेलाय म्हणे. भंगारात घाला, असं शहरातल्या गॅरेजवाल्यानं सांगितलं," एलुनेद म्हणाली.

इदवालने चिंधीला हात पुसले. "त्यानं गाडी चालवून पाहिली?"

"नाही. मी चालवताना ऐकलेली खडखड सांगितली, तेवढ्यावरच."

"म्हणजे नाडी न बघताच तिरडी बांधायला सांगितली की गं पोरी!"

वेल्समधल्या त्या दरीत इदवाल चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होता. एलुनेदचे वडील, मेरिग पाद्री, टोपी हातात घेऊन शेजारी उभे होते. तीस वर्षांची ती गाडी त्यांचीच. वर डोंगरातल्या प्रार्थनाघरात उरलेली नऊ म्हातारी माणसं दर रविवारी त्यांची वाट बघत. तिकडे बस जात नव्हती आणि दुसरा उपदेशक येत नव्हता. गाडी गेली की त्या दाराला कुलूप लागणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

इदवालने उभ्या गाडीत इंजिन रेस करून पाहिलं. गिअरचा दांडा गप्प. "म्हणजे इंजिनाच्या हादऱ्यानं खालचा पत्रा वाजतोय, असं नाही. पाद्रीबाबा, चला, चढावर जाऊन येऊ. चालवा तुम्हीच, नेहमीसारखी."

चढ लागला, तिसरा गिअर पडला आणि डब्यात खडे घालून हलवावेत तसा दांडा वाजू लागला. इदवालने त्यावर दोन बोटं टेकली. आवाज बंद. बोटं उचलली, पुन्हा खडखड. गिअर मात्र लोण्यातून सुरी फिरावी तसे पडत होते. गिअरबॉक्स ठणठणीत आहे, हे त्याला तिथेच कळलं. दांड्याच्या बुडाशी काहीतरी झिजलं होतं. कशाने, एवढंच कळायचं राहिलं.

"नेहमी असेच मुकाट बसून चालवता?"

म्हातारबुवा लाजले. "छे रे. रविवारचं प्रवचन घोळवतो."

"मग घोळवा की! मला काय फुकट ऐकायला नको आहे?"

आधी साधं बोलणं झालं. मग शब्द लांबू लागले, सूर लागला आणि हरवलेल्या मेंढराला शोधत रानोमाळ फिरणारा मेंढपाळ त्या जुन्या, चढत्या चालीत समोर उभा राहिला. इदवालच्या अंगावर काटा आला. असंच गायलेलं प्रवचन ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. पाद्रींचा डावा तळवा दांड्याच्या मुठीवर ताल धरत होता, प्रत्येक समेला तिला दाबत होता. दाबला की खडखड थांबे. त्यांना ती कधी ऐकूच आली नव्हती.

"पाद्रीबाबा, मेंढी!"

ब्रेक करकचला. वीतभर अंतरावर एक खरीखुरी मेंढी रवंथ करत उभी होती.

"ही हरवलेली नाही हो," इदवाल म्हणाला, "हिला राहू द्या." दोघं हसले. परतताना मात्र पाद्रींनी गाडी अगदी हळू आणली.

गॅरेजात त्याने दांड्याचं रबरी आवरण सोलून काढलं. बुडाचा बुश, म्हणजे दांडा ज्यात बसतो ती गोल कडी, एका अंगाने झिजून अंड्यासारखा झाला होता. तसला आता बाजारात मिळत नाही. त्याने लेथवर नायलॉनचा नवा कातला, ग्रीस लावून बसवला आणि चढावर एक फेरी मारून आला. दांडा हूं की चूं करेना.

जुना बुश त्याने एलुनेदच्या हातावर ठेवला. "एवढ्याशासाठी गाडी मोडीत काढत होतीस."

"पण एकाच बाजूनं कसा झिजला, इदवालकाका?"

जुनी गाडी, झिजायचंच, असं म्हणता आलं असतं. इदवालने पाद्रींकडे पाहिलं.

"मी झिजवला," मेरिग म्हणाले. "प्रवचन म्हणत ताल धरतो मी त्याच्यावर. आणि आज डोळे सताड उघडे असून समोरची मेंढी मला दिसली नाही. इदवालला दिसली." त्यांनी किल्ली मुलीपुढे धरली.

रागवायला उघडलेलं तोंड एलुनेदने मिटलं. बुश खिशात टाकत म्हणाली, "वर प्रार्थना किती वाजता असते?"

"दहाला."

"रविवारी नऊला तयार राहा. मी तिथे मागच्या बाकावर बसणार. डुलकी लागली तर उठवायचं नाही, सांगून ठेवते."

"माझ्या प्रवचनात डुलकी? काढूनच दाखव!"

एलुनेदने किल्ली घेतली, सीट पुढे ओढली, आरसा सरळ केला. मेरिग गाडीला वळसा घालून दुसऱ्या दाराने आत बसले. तीस वर्षांत त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. पट्ट्यासाठी हात सवयीने उजव्या खांद्यामागे गेला आणि रिकामा परत आला. मग ते डावीकडे चाचपू लागले. एलुनेद मदतीला वाकली नाही. पट्टा सापडून त्यांनी तो नीट लावेपर्यंत तिने गाडीही सुरू केली नाही.