न धरलेले सोळा दिवे

मधल्या सुट्टीत बाटल्या भरण्याच्या खोलीतला पारा अठ्ठ्याऐंशी अंश फॅरनहाइटवरून पंच्याऐंशीवर उतरला होता, आणि दार तर सताड उघडं होतं. कारखान्याच्या इंजिनिअर कुसुमताईंनी थर्मामीटर पुन्हा वाचला. बाहेर पिंपरीचा मे महिना भाजत होता. आत दिवे चालूच होते. फक्त बायका भाकरी खायला गेल्या होत्या.

कालही असंच झालं होतं. त्यामागचं कारण त्यांना कालच कळलं होतं, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

औषधांच्या या कारखान्यात थंड हवेचं यंत्र आलं, तेव्हा दाराशी बसणारी गोजाबाई हसली होती. "एक टनाचं म्हणत्यात, आन् चार गडी उचलून आणत्यात! वजनात मारलंय जणू."

"टन वजनाचा नाही, गोजाबाई," कुसुमताईंनी सांगितलं होतं. "एक टन बर्फ दिवसभरात वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी हे खोलीतून बाहेर काढतं." तेव्हापासून बायका यंत्राला बरफवाला म्हणत.

एक टन पुरेल, हे गणित कुसुमताईंचंच होतं. भिंती, पत्रा, खिडकीतलं ऊन, शंभर वॉटचे आठ दिवे. पुस्तकातल्या उदाहरणातली खोली रिकामी होती, तशी त्यांच्या गणितातलीही रिकामीच राहिली. बसून काम करणारं माणूस साधारण शंभराच्या दिव्याइतकी उष्णता देतं, हे त्या कॉलेजात शिकल्या होत्या. खोलीत सोळा बायका बसत. निम्मं यंत्र त्यांच्यातच खर्ची पडत होतं.

बायका परतल्या. मागोमाग विभागाचे साहेब उद्धवराव आले. त्यांनी पाऱ्याकडे पाहिलं, मग गोजाबाईकडे.

"बरफवाला क्षणभर थांबत नाही. मीटर नुसतं पळतंय, आणि गारवा कुठाय? तू दार उघडं टाकतेस."

"न्हाई साहेब. कडी लावूनच बसते. पायजे तर यांना इचारा."

"गेल्या आठवड्यातच बजावलं होतं. उद्यापासून येऊ नकोस."

"आवो, माझ्या घरात कमावणारं दुसरं कोण हाय?"

एक बाई पुटपुटली, "आमीच भायेर बसावं, मंजी खोली गार राहील." कुणी हसलं नाही.

गोजाबाईनं कुसुमताईंकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती; ताई बोलतील, एवढाच भरवसा होता. तोच कुसुमताईंना सोसवेना. त्यांचे कान तापले. आपल्या अंगची ही उष्णताही गणितात नव्हती.

"कुसुमताई, तुमचं गणित चोख होतं ना?" उद्धवरावांनी विचारलं. "मग दारच असणार."

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दार नाही, उद्धवराव. मी दिवे धरले, या बायका धरल्याच नाहीत. यंत्र लहान पडतंय, आणि ते मी ठरवलं होतं. गोजाबाई उद्या कामावर येतील."