अकरा घरांतली केळ

गल्लीत कुणाला केळ लावायची असली की तो सिस्टरकडे मुनवा मागायला यायचा. तीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून राबलेल्या या बाईंना निवृत्तीनंतरही सगळे सिस्टरच म्हणत. त्यांच्या मागच्या अंगणात केळीचं दाट बेट होतं. बुंध्याशी फुटलेल्या मुनव्यांतून, म्हणजे पिल्लांतून, कुठलं द्यायचं ते त्याच ठरवायच्या. रुंद पानांचं, गुटगुटीत दिसणारं फसवं; पान तलवारीसारखं अरुंद आणि बूड जाड, तेच चांगलं. पहारीने ते कंदासकट सुटं करून, मुळं छाटून मगच त्या हातात देत. सहा वर्षांत अकरा घरांत त्यांची केळ गेली.

त्या वर्षी बेटातल्या दोन झाडांची नवी पानं ताठ आणि आखूडच राहिली, शेंड्याशी झुपक्यासारखी दाटली. खतपाण्याने फरक पडेना, तेव्हा सिस्टर एक पान देठासकट घेऊन रोपवाटिकेत गेल्या. मालकाने देठावरच्या तुटक गडद रेघा दाखवल्या. हा पर्णगुच्छ, याला औषध नाही, म्हणाला. मावा ही कीड तो पसरवते आणि मुनव्यांतून तर तो जातोच. सगळं बेट काढून टाका आणि ज्यांना मुनवे दिलेत त्यांचीही झाडं बघा.

सिस्टरनी आधी साबणाचं पाणी फवारून मावा मारला, मग दोन दिवस खपून बेट मुळासकट खणलं. तिसऱ्या दिवशी पहार घेऊन त्या घरोघर निघाल्या. सात घरांत रोग दिसला. कुणी हसण्यावारी नेलं, एका बाईने चार शब्द सुनावले. सिस्टर तरीही खणायला बसल्या.

शेवटचं घर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यांचं. तिथली केळ त्यांच्या पत्नीने लावली होती; दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या होत्या. म्हाताऱ्यांनी डोळ्याला भिंग लावून देठ न्याहाळला. रेघा होत्या.

"हिच्या हातची आहे ती," ते म्हणाले.

"माहीत आहे. मुनवा मीच दिला होता."

"म्हणजे रोगही तुम्हीच दिलात."

"हो. तेव्हा कळलं नाही. आता कळलंय म्हणून आले."

म्हाताऱ्यांनी दार लावून घेतलं. दर आठवड्याला सिस्टर येत, फाटक उघडून साबणाचं पाणी फवारत आणि खणण्याचा विषय न काढता परत जात. चौथ्या खेपेला म्हातारे पहार घेऊन अंगणात उभे होते. किती खोल जायचं, एवढंच त्यांनी विचारलं. कंदाचा तुकडा राहिला तर पुन्हा फुटेल, असं सिस्टरनी बजावलं. हरवलेला स्क्रू शोधावा तशी म्हाताऱ्यांनी माती बोटांतून गाळली.

दोन महिन्यांनी त्याच जागी वीतभर कोंब आला. म्हाताऱ्यांनी दोन दिवस तो तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी तो खणून, पिशवीत घालून ते सिस्टरकडे आले.

"एक तुकडा राहिला होता," ते म्हणाले. "आता तरी पूर्ण निघालाय का, बघा."

सिस्टरनी कंद पालथा करून पाहिला. खालचा टवका तुटून मातीतच राहिला होता. त्यांनी चपला घातल्या, पहार उचलली आणि त्या म्हाताऱ्यांच्या मागोमाग निघाल्या.